तावदानांवरील मळभ

जून महिना लागला म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक बोटींची मासेमारी सरकारी आदेशानें थांबते. अलीकडील वर्षांत ही मुदत बहुधा १ जून ते ३१ जुलै अशी असते. या दोन महिन्यांत डहाणूच्या खाडीकांठीं, धाकट्या डहाणूस, चिंचणीस आणि तिकडे उत्तरेस गुजरातच्या सीमेला खेटून असलेल्या झाईस, बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या दिसतात. तलासरी तालुका म्हटला कीं आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें वारल्यांचे पाडे व उतारावरची भातशेती उभी राहते. परंतु झाई हें गांव त्याच तालुक्यांत मोडतें व तेथें तो तालुका समुद्रास जाऊन भिडतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

बोटीच्या विश्रांतीचा हा काळ म्हणजे तिच्या डागडुजीचा काळ. सांधे भरावे, इंजिन उघडावें, जाळीं सांधावीं, रंग द्यावा. तांडेल यांपैकीं कोणत्याही कामांत कसूर करीत नाहीं. कसूर होते ती एका लहानशा वस्तूविषयीं, आणि ती वस्तु म्हणजे सुकाणूच्या खोलीचें तावदान. कोठें तें कांचेचें असतें, पण पुष्कळ ठिकाणीं आतां पारदर्शक प्लास्टिकचें असतें. नवें असतांना तें कांचेहूनही स्वच्छ दिसतें. चार हंगाम ऊन, खारें वारें आणि वाळू यांचा मार खाल्ला कीं त्यावर एक दुधट सांय धरते. ती इतक्या हळूहळू धरते कीं रोज पाहणाऱ्यास ती दिसतच नाहीं. आणि एखाद्यास दिसलीच, तर "तेवढें चालतें" म्हणून तो हंगाम निघून जातो.

घरच्या खिडकीस तेवढें खरोखरच चालतें. गोव्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले आमच्या कित्येक वाचकांनीं पाहिले असतील. त्यांतून उजेड येतो, ऊन सौम्य होतें, आणि पलीकडचें कांहीं दिसत नाहीं हा उलट सोयीचाच भाग. परंतु घराच्या खिडकीस उजेड हवा असतो आणि बोटीच्या खिडकीस दृष्टि हवी असते. या दोहोंतील अंतर ध्यानांत न घेतल्यामुळेंच पुढचा सारा घोटाळा होतो.

आतां डहाणूच्या किनाऱ्याची ठेवणच पाहा. समुद्र पश्चिमेस. रात्रभर जाळीं टाकून बोट सकाळीं परतूं लागली म्हणजे तिचें तोंड पूर्वेस होतें, आणि नेमका त्याच वेळीं महालक्ष्मीच्या डोंगराच्या बाजूनें सूर्य वर येतो. तिरपीं किरणें समोरून येऊन त्या दुधट तावदानावर पडलीं कीं तें सबंध तावदान पांढऱ्या पडद्यासारखें पेटून उठतें. धुरकट पृष्ठभागाचा धर्मच असा कीं, त्यावर पडलेला उजेड तो सरळ पुढें जाऊं न देतां चोहोंकडे फेंकतो. भरदुपारीं किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बोटींत बसून त्याच तावदानांतून पाहिलें तर समोरचे माड स्पष्ट दिसतात व तावदान ठीक आहे अशी खात्री होते. पहाटेस मात्र समोरची लहान होडी, पाण्यावर तरंगणारा जाळ्याचा बोया, खाडीच्या तोंडाशीं रोंवलेला खुंट, यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. भरती साधून आंत शिरावयाची घाई, मागून येणाऱ्या बोटी, आणि सुकाणूवाला मान खिडकीबाहेर काढून वाट पाहतो आहे, हें दृश्य कोळ्यांच्या कोणत्याही बंदरास नवीन नाहीं. पाऊस-वाऱ्यांत तेंही करतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट बोटीच्या दिव्यांची. १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणें बोटीच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असावा लागतो. ट्रॉल ओढणाऱ्या बोटीनें हिरव्याखालीं पांढरा, आणि इतर रीतीनें मासेमारी करणाऱ्या बोटीनें तांबड्याखालीं पांढरा, असे चोहोंबाजूंनीं दिसणारे दिवे लावावयाचे असतात. १२ मीटरहून अधिक व ५० मीटरहून कमी लांबीच्या बोटीचे बाजूचे दिवे निदान २ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारें पावणेचार किलोमीटरवरून, दिसले पाहिजेत. १२ मीटरहून लहान बोटीस १ मैलाची सूट आहे. या दिव्यांचीं आवरणेंही आतां प्लास्टिकचीं असतात व तींही धुरकटतात. येथें एक फसवी गोष्ट अशी घडते कीं, आवरण धुरकट झालें म्हणजे जवळून पाहणाऱ्यास दिवा मंद न दिसतां उलट मोठा, गोळ्यासारखा उजळलेला दिसतो. उजेड चोहोंकडे पसरल्यामुळें जवळच्यास तो पुष्कळ वाटतो. ज्याच्यापर्यंत तो सरळ पोंचावयाचा, त्या दूरच्या मोठ्या जहाजास मात्र तो उशिरां दिसतो. मोठें जहाज कांहीं क्षणांत थांबूं शकत नाहीं, हें सांगावयास नकोच. दिवा पेटतो आहे हें पाहून निर्धास्त झालेल्या खलाशास आपली बोट अंधारांत आहे हें कोण सांगणार?

असो. आतां या वस्तूचें मूळ थोडें पाहूं, म्हणजे उपाय सांगणें सोपें जाईल.

बोटींत आढळणारें पारदर्शक प्लास्टिक तीन जातींचें असतें. पहिली जात अॅक्रिलिकची. जर्मनींत ऑटो र्‍योम यांच्या कारखान्यानें १९३३ सालीं ती 'प्लेक्सिग्लास' या नांवानें पुढें आणली व इंग्लंडांत ती 'पर्स्पेक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यांतून शेंकडा ९२ पर्यंत उजेड पार जातो. साध्या कांचेंतून त्याहून किंचित् कमीच जातो. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांचीं छत्रें याच अॅक्रिलिकचीं होतीं. तीं फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत, तरी त्या कणांनीं डोळा चिडत नाहीं हें लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानांत आलें, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांनीं मोतीबिंदूच्या एका रोग्याच्या डोळ्यांत अॅक्रिलिकचें भिंग बसविलें. आज आपल्या घरांतील आजीआजोबांच्या डोळ्यांत जें भिंग असतें तें पुष्कळदां याच कुळांतलें असतें. म्हणजे ज्या पदार्थानें मोतीबिंदू झालेल्या डोळ्यास पुन्हां दृष्टि दिली, त्याच पदार्थास बोटीवर मोतीबिंदू होतो. डोळ्यांतल्या भिंगास वाळू आणि मिठाशीं गांठ घालावी लागत नाहीं, एवढाच काय तो फरक!

दुसरी जात पॉलिकार्बोनेटची. १९५३ सालीं जर्मनींत हर्मन श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स या दोघांस ती एकमेकांच्या नकळत साधली. ही अतिशय चिवट; हातोड्यानें सहसा फुटत नाहीं. परंतु उन्हांतील जंबुपार किरणें तिला सोसत नाहींत, व ती पिंवळी पडते. म्हणून कारखान्यांतच तिच्यावर संरक्षक लेप दिलेला असतो. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचीं आवरणें व पुष्कळ घरांच्या पडवीवरील पारदर्शक पत्रे याच जातीचे. तिसरी जात मऊ पी. व्ही. सी. ची, वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून जे गुंडाळावयाचे पारदर्शक पडदे लावतात ते हिचे. कडक पी. व्ही. सी. स मऊपणा आणण्याची युक्ति वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञानें १९२६ च्या सुमारास शोधून काढली. डहाणूहून फार दूर नसलेल्या वापी, दमण, सिल्व्हासा या पट्ट्यांत प्लास्टिकचे कारखाने पुष्कळ आहेत, व तलासरीकडील कित्येक घरांतलें कोणी ना कोणी त्या बाजूस कामास जातें. तेव्हां माहितगार माणूस शोधावयास लांब जावें लागणार नाहीं. तावदान कोणत्या जातीचें आहे हें विकत घेतांनाच विचारून बोटीच्या वहींत लिहून ठेवावें. जुन्या तावदानाविषयीं ठोकताळा असा कीं, पिंवळेपणा अधिक असेल तर पॉलिकार्बोनेट, आणि पिंवळेपणा नसून नुसते ओरखडे व दुधटपणा असेल तर अॅक्रिलिक.

हातांत घासणी घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हें मळभ आहे तरी कोठें? वर आहे कीं आंत? उत्तर मिळविण्यास एक ओंजळभर पाणी पुरें. तावदान गोड्या पाण्यानें धुऊन ओलें असतांनाच त्यांतून पाहावें. ओलें असेपर्यंत तें स्वच्छ दिसलें आणि वाळतांच पुन्हां धुरकट झालें, तर दोष केवळ पृष्ठभागावर आहे व तो निघेल. ओलें असतांनाही तें तसेंच दुधट राहिलें, तर दोष आंत शिरला आहे. तेथें घासणें म्हणजे श्रम फुकट. याचें कारण साधें आहे. असंख्य बारीक ओरखड्यांच्या खळग्यांत हवा असते, म्हणून उजेड तेथें वेडावांकडा मोडतो. हवेचा वक्रीभवनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, अॅक्रिलिकचा १.४९. खळगे पाण्यानें भरले कीं हें अंतर पुष्कळ कमी होतें व उजेड सरळ निघून जातो. स्नानगृहाच्या खिडकीच्या खरखरीत कांचेवर पाण्याचा थेंब पडला कीं तेवढ्यापुरतें पलीकडचें दिसूं लागतें, तें याच न्यायानें.

येथेंच एका लोकप्रिय युक्तीचा उलगडा होतो. धुरकट तावदानास खोबरेल चोळलें कीं तें क्षणांत लखलखतें, व चोळणारा मोठ्या ऐटीनें सर्वांस दाखवितो. खोबरेलाचा वक्रीभवनांक सुमारें १.४५, म्हणजे पाण्याहूनही अॅक्रिलिकच्या जवळ. तेव्हां तें लखलखलें यांत नवल नाहीं. पण खळगे होते तेथेंच आहेत. चार दिवसांत त्या तेलावर धूळ व मिठाचे कण बसून राप धरतो, आणि पुढें कोणी तो राप कोरड्या फडक्यानें पुसूं लागला कीं जुन्या ओरखड्यांत नव्यांची भर पडते. जुनी गाडी विकतांना तिच्या दिव्यांस तेल चोळणारे चतुर लोक शहरांतही आहेत. घेणाऱ्यानें सावध असावें.

पाण्याची परीक्षा अनुकूल आली म्हणजे धुण्यास लागावें. समुद्राचें पाणी वाळून तावदानावर मिठाचे स्फटिक राहिलेले असतात, व कोरडें फडकें हेंच त्यांचें हत्यार बनतें. आमच्या मतें तावदानें जितकीं समुद्रानें खराब होत नाहींत तितकीं पुसणाऱ्याच्या उत्साहानें होतात. प्रथम भरपूर गोडें पाणी नुसतें ओतावें, मीठ विरघळूं द्यावें, मग सौम्य साबणाच्या पाण्यानें मऊ सुती कापडानें, जोर न देतां, पुसावें. जुन्या धोतराचा तुकडा यास उत्तम. पावसाळ्यांत पागोळीचें पाणी धरून ठेवलें तर यासाठीं त्याहून चांगलें पाणी शोधावयास नको. राख, रांगोळी, काथ्या, तारेची घासणी, हीं भांड्यांचीं साधनें येथें वर्ज्य. त्याचप्रमाणें स्पिरिट, पेट्रोल, थिनर, अॅसिटोन आणि कांच पुसण्याचीं अमोनियायुक्त द्रवणें यांचा अॅक्रिलिकला स्पर्शही होऊं देऊं नये. रंगाच्या कामांत बोटींवर थिनरचा डबा उघडाच असतो व रंगाचा ठिपका तावदानावर उडाला कीं हात आपसूक थिनरच्या बोळ्याकडे जातो. ठिपका जातो, पण कांहीं वेळानें किंवा कांहीं दिवसांनीं त्या जागीं केसासारख्या तड्यांचें जाळें उमटतें, आणि तें मग कशानेंही जात नाहीं.

आतां घासण्याचें मुख्य काम. यास काळा पॉलिश-पेपर, ज्यास गॅरेजवाले 'वॉटर पेपर' म्हणतात, तो लागतो. त्याच्या पाठीवर आंकडा छापलेला असतो; आंकडा जितका मोठा तितका कागद मऊ. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावें. नख अडकत असेल तर ६०० किंवा ८०० पासून आरंभ करावा. अडकत नसेल तर एकदम १५०० घ्यावा. जरुरीपेक्षां खरखरीत कागदानें आरंभ करणें म्हणजे स्वतःच नवे ओरखडे पाडून मग ते काढीत बसणें. तावदानाभोंवतींच्या रबरावर चिकटपट्टी लावून घ्यावी. कागद एका सपाट लाकडी ठोकळ्यास, मध्यें रबराचा पातळ तुकडा घालून, गुंडाळावा. बोटांनीं दाबून घासूं नये. बोटांखालीं खळगे पडतात व तावदान लाटांसारखें उंचसखल होतें. अशा तावदानांतून समोरचा दिवा जागच्या जागीं डोलतांना दिसतो, आणि सुकाणूवाल्यास धुरकट तावदानापेक्षां असें खोटें बोलणारें तावदान अधिक घातक.

पाण्याची धार चालूं ठेवून प्रथम एकाच दिशेनें, आडवें, सगळीकडे सारखें घासावें. मग स्वच्छ धुऊन पुढच्या आंकड्याच्या कागदानें उभें घासावें. दिशा बदलली म्हणजे आधींच्या कागदाचे ओरखडे उरले आहेत कीं गेले हें कळतें. एक जरी उरला असेल तरी पुढें जाऊं नये. शेवटीं चकाकी आल्यावर तो एकटाच उठून दिसेल. अशा रीतीनें ८००, १०००, १५००, २००० असें चढत जावें. मध्यंतरीं एक वेळ अशी येते कीं सबंध तावदान पूर्वीपेक्षांही पांढरें, पिठाळ होऊन बसतें व काम करणाऱ्याचा धीर सुटतो. घरचीं वडील माणसें तर "होतें तें बरें होतें" म्हणून मोकळीं होतात. तेथें डगमगूं नये. तें पीठ सर्वत्र सारखें आहे हीच काम बरोबर चालल्याची खूण. २००० नंतर ओलसर सुती कापडावर बारीक जातीचें रबिंग कंपाउंड घेऊन गोलाकार चोळावें, म्हणजे आरपारपणा परत येऊं लागतो. यंत्रानें चोळावयाचें तर वेग कमी ठेवावा व एका जागीं थांबूं नये. अॅक्रिलिक सुमारें १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडूं लागतें, आणि घर्षणानें तेवढी उष्णता उत्पन्न होण्यास वेळ लागत नाहीं. शेवटीं मेणाचा पातळ हात द्यावा. त्यामुळें पुढें मिठाचें पाणी चिकटून न राहतां ओघळून जातें. दांत घासण्याच्या पेस्टनें तावदान उजळतें असें पुष्कळ जण सांगतात. तें खोटें नाहीं. पेस्टमध्यें बारीक घर्षक पूड असतेच. पण ती केवळ शेवटच्या पायरीचें काम करील, व तेंही एखाद्या लहान झांकणापुरतें.

पॉलिकार्बोनेटची कथा येथून निराळी होते. त्याचा पिंवळा थर घांसून काढला कीं तें नव्यासारखें दिसतें, आणि येथेंच बहुतेक जण काम संपलें असें समजतात. परंतु त्या थराबरोबर कारखान्यांतील संरक्षक लेपही गेलेला असतो. उघड्या पॉलिकार्बोनेटला आपल्याकडील ऊन कांहीं महिन्यांतच पुन्हां पिंवळें करतें, आणि या खेपेस अधिक लवकर. म्हणून घासल्यावर जंबुपार किरणें अडविणारा पारदर्शक लेप त्यावर दिलाच पाहिजे. तो देण्याची तयारी नसेल तर घासण्यास हात घालूं नये. दिव्याच्या आवरणाच्या आंतल्या अंगास कंगोरे असतील तर त्या बाजूस कागद लावूंच नये, कारण ते कंगोरे शोभेसाठीं नसून उजेडास दिशा देण्यासाठीं असतात. तेवढें आवरण बदलावें. दिव्याच्या मानानें त्याची किंमत थोडी असते.

मऊ पडद्यांस पॉलिश-पेपर चालत नाहीं. ते धुवावे, सांवलींत वाळवावे, आणि घडी न घालतां मध्यें सुती कापड ठेवून गुंडाळावे. घडीच्या रेघेवरच ते प्रथम फुटतात. मऊपणा आणणारा द्रव निघून जाऊन ते कडक व पिंवळे झाले कीं त्यांचें आयुष्य संपलें.

आणि कांहीं तावदानांचेंही संपलेलेंच असतें. तड्यांचें जाळें आंतपर्यंत गेलेलें, खिळ्याच्या भोंकापासून चीर निघालेली, किंवा घांसून घांसून पातळ झालेलें तावदान मायेनें जपूं नये. आपल्या घरांतून वस्तु टाकण्याचा हात लवकर उठत नाहीं, हा गुणच आहे. परंतु लाट येऊन आदळली असतां तावदान आंत फुटलें तर समोर माणसाचें तोंड असतें. नवें बसवितांना भोंकें बोल्टापेक्षां थोडीं मोठीं ठेवावीं व बोल्ट गच्च आंवळूं नयेत. एक मीटर लांबीचें अॅक्रिलिक ३० अंशांच्या फरकानें सुमारें २ मिलिमीटर वाढतें. वाढावयास जागा न मिळाल्यास तें भोंकापाशींच तडकतें, आणि मग दोष विकणाऱ्याच्या माथीं जातो.

घासतांना निघणारा पांढरा चिखल म्हणजे प्लास्टिकचीच पूड. ती पाण्याबरोबर खाडींत सोडूं नये; खालीं जुनें कापड अंथरून तींत ती धरावी व वाळल्यावर कचऱ्यांत टाकावी. ज्या खाडींत आपण जाळें टाकणार तिलाच ती पूड चारण्यांत काय हांशील?

काम झाल्यावर परीक्षा सांवलींत घेऊं नये. सूर्य मावळतीस आला म्हणजे बोटींत बसून, तावदान उन्हाच्या समोर येईल असें पाहून, त्यांतून पाहावें. पहाटेच्या सूर्याची ती रंगीत तालीम समजावी. दिव्यांची परीक्षा रात्रीं घ्यावी. एकानें बोटीवर दिवे लावावे व दुसऱ्यानें किनाऱ्याकिनाऱ्यानें जितकें दूर जाववेल तितकें जाऊन, तांबडा कोणता व हिरवा कोणता हें तेथून फोनवर सांगावें. रंग ओळखावयास त्यास डोळे बारीक करावे लागले, तर नारळी पौर्णिमेपूर्वीं तें आवरण बदलून घ्यावें.